पॅरॉक्सेटीनकडून सर्ट्रालीनकडे : नैराश्याची गोळी बदलताना

आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका गृहस्थांच्या ६१ वर्षांच्या आई गेली दोन वर्षे नैराश्यासाठी रात्री एक गोळी घेत आहेत. तिच्या पाकिटावर ‘पॅरॉक्सेटीन सीआर २५, क्लोनाझेपाम ०.५’ असे छापलेले आहे. (सीआर म्हणजे सावकाश विरघळणारी गोळी; क्लोनाझेपाम हे घाबरेपणा आणि झोपेसाठीचे औषध.) रडू येणे थांबले आणि झोप लागू लागली. मात्र मन कशात रमत नाही, वजन आठ किलोंनी वाढले आहे आणि दुपारपर्यंत सुस्ती उतरत नाही. म्हणून डॉक्टरांनी आता सर्ट्रालीन ५० लिहून दिले आहे. नव्या चिठ्ठीवर जुन्या गोळीचा उल्लेखच नाही. मेडिकलवाल्याने ‘ती बंद करा, उद्यापासून ही घ्या’ असे सांगितले, मावशींचे म्हणणे असे की मध्ये पंधरा दिवस शरीर रिकामे ठेवावे, आणि स्वतः लिहिणाऱ्यांना वाटते की काही दिवस दोन्ही गोळ्या बरोबर द्याव्यात. याशिवाय आई रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल ५० आणि टेल्मिसार्टन-क्लोर्थॅलिडोन घेतात, आणि गुडघे फार दुखले की अस्थिरोगतज्ज्ञांनी दिलेली ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलची गोळी घेतात.

अडचण अशी की हे तिन्ही सल्ले कोणत्या ना कोणत्या औषधांच्या जोडीसाठी बरोबरच आहेत. सर्वांना लागू पडेल असा एकच नियम या विषयात नाही. म्हणून आधी आजच्या रात्रीपुरते सांगतो : चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांशी बोलणे होईपर्यंत जुनी गोळी जशी चालू आहे तशीच चालू ठेवावी आणि नवी सुरू करू नये. दोन वर्षे घेतलेले औषध आणखी चार दिवस घेतल्याने बिघडण्यासारखे सहसा काही नसते, परंतु ते अंदाजाने एका रात्रीत थांबवल्याने बरेच काही बिघडू शकते. फोनवर डॉक्टरांना विचारायचा प्रश्न नेमका असावा. ‘जुनी गोळी कधी, किती टप्प्यांत थांबवायची आणि तिच्यातल्या क्लोनाझेपामचे काय करायचे?’ एवढे विचारले की पुरे.

या प्रश्नाचा दुसरा भाग बहुतेक घरांत विचारलाच जात नाही, कारण ती एक गोळी म्हणजे दोन औषधे आहेत हे लक्षातच येत नाही. आपल्याकडे नैराश्याचे औषध आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून विकण्याची पद्धत फार रुळलेली आहे. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत, मुख्य औषधाचा गुण येईपर्यंत, क्लोनाझेपामची मदत होते, हे खरे. पण एकत्र बांधलेली औषधे एकत्रच चालू राहतात आणि दोन वर्षांनी शरीराला दोन्हींची सवय झालेली असते. अशी गोळी एकदम थांबवली की पॅरॉक्सेटीन सुटल्याचा त्रास आणि क्लोनाझेपाम सुटल्याचा त्रास एकमेकांवर चढतात. निद्रानाश, घाबरेपणा, हातांना कंप, आणि क्वचित, विशेषतः डोस मोठा असेल तर, फिटसुद्धा. माझे स्पष्ट मत असे की गोळी बदलण्याचे पहिले पाऊल म्हणजे ही मिश्र गोळी सोडवून घेणे : पॅरॉक्सेटीन वेगळे, क्लोनाझेपाम वेगळे, दोन्हींचे डोस होते तेच. आठवडाभर काहीच न बदलता फक्त एका गोळीच्या दोन गोळ्या झाल्या, एवढेच. क्लोनाझेपाम या सगळ्या बदलाच्या काळात तसेच स्थिर ठेवावे आणि नव्या औषधावर आई स्थिरावल्यानंतर, दीड-दोन महिन्यांनी, त्याला स्वतंत्रपणे आणि सावकाश हात घालावा.

आता पॅरॉक्सेटीनचा स्वभाव पाहू. सिलेक्टिव्ह सेरोटोनिन गटातल्या, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाचा प्रभाव वाढवणाऱ्या, औषधांत थांबवताना सर्वांत जास्त त्रास देणारे औषध हेच. याची कारणे त्याच्या रसायनात आहेत. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातली पातळी निम्मी होण्यास लागणारा वेळ, साधारण २१ तासांचे आहे. शिवाय यकृतातल्या सीवायपी२डी६ या ज्या एन्झाइमकडून ते मोडले जाते, त्याच एन्झाइमला ते अडवूनही धरते. जोवर पूर्ण डोस चालू आहे तोवर एन्झाइम बांधलेले असते. डोस उतरवला की ते मोकळे होते आणि उरलेले औषध अधिकच झपाट्याने मोडू लागते. म्हणजे आपण गोळी निम्मी केली असे समजतो, तेव्हा रक्तातली पातळी निम्म्याहूनही खाली गेलेली असते. उलट टोकाला फ्लुऑक्सेटीन आहे. नियमित घेणाऱ्याच्या शरीरात त्याचे अर्धायुष्य चार ते सहा दिवसांचे, आणि त्यापासून बनणाऱ्या नॉरफ्लुऑक्सेटीनचे तर सोळा दिवसांपर्यंत जाते. त्यामुळे ते थांबवल्यावर आपोआपच हळूहळू उतरत जाते. ‘गोळी थांबली’ आणि ‘औषध थांबले’ या दोन निरनिराळ्या तारखा असतात. त्यांच्यातले अंतर पॅरॉक्सेटीनमध्ये काही दिवसांचे, तर फ्लुऑक्सेटीनमध्ये महिन्याहून अधिक असते.

सर्ट्रालीन पॅरॉक्सेटीनच्याच गटातले असल्यामुळे एक मोठी सोय आहे. दोन्ही औषधे मेंदूतल्या त्याच सेरोटोनिन वाहकावर, म्हणजे सेरोटोनिन पेशीत परत ओढून घेणाऱ्या प्रथिनावर, काम करतात, आणि म्हणून जुन्या औषधाची उणीव नवे औषध बऱ्याच अंशी भरून काढते. या कारणाने एकाच गटात बदल करताना पुष्कळदा थेट बदल चालतो : आज रात्री शेवटची एस्सिटालोप्राम १० आणि उद्या सकाळी सर्ट्रालीन ५०. ढोबळ मानाने एस्सिटालोप्राम १०, सर्ट्रालीन ५०, फ्लुऑक्सेटीन २० आणि पॅरॉक्सेटीन २० या मात्रा एका पातळीच्या मानल्या जातात. पॅरॉक्सेटीन सीआर २५ हे साध्या २० च्या जोडीचे. अमेरिकेतल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासात सिटालोप्रामने पूर्ण बरे न वाटलेल्या ७२७ जणांना सर्ट्रालीन, ब्युप्रोपिऑन किंवा व्हेन्लाफॅक्सीनवर नेण्यात आले होते. तेव्हा सिटालोप्राम मध्ये खंड न ठेवता थांबवले गेले होते. तेव्हा मेडिकलवाल्याचे म्हणणे अगदीच वाऱ्यावरचे नाही. तरीही पॅरॉक्सेटीन दोन वर्षे घेतलेल्या ६१ वर्षांच्या बाईंसाठी मी ते स्वीकारणार नाही, कारण पॅरॉक्सेटीनला आणखी एक अंग आहे. ते ॲसिटिलकोलिन या मज्जातंतूंचे निरोप पोचवणाऱ्या रसायनालाही थोडे रोखते. सर्ट्रालीन तसे फारसे करत नाही. ती रोखणूक एकदम सुटली की मळमळ, जुलाब, घाम आणि झोपमोड होते, आणि सर्ट्रालीनच्या पहिल्या आठवड्यातले त्रासही जवळजवळ हेच असतात.

मावशींचा सल्ला, म्हणजे मध्ये शरीर रिकामे ठेवणे, या जोडीसाठी अनावश्यक आहे आणि त्रासदायकही. पंधरा दिवस कोणतेच औषध नसणे म्हणजे जुने औषध सुटल्याचा पूर्ण त्रास सोसणे, आणि त्यातच मूळ आजाराला डोके वर काढायला मोकळे रान देणे. तो सल्ला कोठे प्राण वाचवतो, ते पुढे सांगतो.

राहिला चिरंजीवांचा, म्हणजे काही दिवस दोन्ही गोळ्या बरोबर देण्याचा, मार्ग. त्याला आम्ही क्रॉस-टेपर म्हणतो. एक औषध उतरत असताना दुसरे चढवायचे. आपल्या आईंसारख्या रुग्णासाठी मी साधारण असे लिहून दिले असते. पहिला आठवडा फक्त मिश्र गोळी सोडवण्याचा. नंतरचे दोन आठवडे पॅरॉक्सेटीन सीआर १२.५ आणि सोबत सकाळी नाश्त्यानंतर सर्ट्रालीन २५. त्यानंतर पॅरॉक्सेटीन बंद आणि सर्ट्रालीन ५०. पुढचा निर्णय चार आठवड्यांनी. त्रास जास्त झाला तर मधली पायरी लांबवायची. पुढच्या पायरीवर जाण्याचा आग्रह धरायचा नाही. सीआर गोळी मोडायची, चावायची किंवा कुटायची नसते, कारण तिचे सावकाश विरघळणे तिच्या आवरणावर आणि घडणीवर अवलंबून असते. म्हणून ‘अर्धी करून द्या’ हा घरगुती उपाय येथे चालत नाही. कमी पॉवरची वेगळी गोळीच आणावी लागते. हे वेळापत्रक म्हणजे आपल्या आईंची चिठ्ठी नव्हे. त्यांना तपासलेल्या डॉक्टरांकडे वेगळ्या पायऱ्यांचे कारण असू शकते, आणि तेच ग्राह्य.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे या तीन-चार आठवड्यांत जे जाणवेल त्याचा अर्थ कसा लावायचा. माझ्या अनुभवात गोळी बदलताना होणाऱ्या चुकांपैकी बहुतेक चुका डोसाच्या नसून लक्षणे वाचण्याच्या असतात. बदलाच्या काळात तीन निरनिराळ्या गोष्टी सारखाच चेहरा घेऊन येतात : जुने औषध सुटल्याचा त्रास, नव्या औषधाचा सुरुवातीचा त्रास आणि मूळ आजाराचे परतणे. बेचैनी आणि झोप न लागणे तर तिन्हींत असते. फरक ओळखण्याचे पहिले साधन म्हणजे कॅलेंडर. औषध सुटल्याचा त्रास डोस उतरवल्यापासून बहुधा दोन-चार दिवसांत सुरू होतो आणि बहुतेकांत एक-दोन आठवड्यांत ओसरतो, काहींत मात्र लांबतो. मूळ नैराश्य एवढ्या लगबगीने परत येत नाही. ते काही आठवड्यांनी, हळूहळू, आधी रस जाणे, मग उशिरा उठणे, मग जेवणावरची वासना जाणे अशा ओळखीच्या पायऱ्यांनी येते. दुसरे साधन म्हणजे लक्षणांची जात. मान वळवली किंवा डोळे फिरवले की डोक्यात क्षणभर करंट बसल्यासारखे होणे, चालताना जमीन सरकल्यासारखी वाटणे, फ्लूसारखे अंग मोडणे आणि अतिशय ठसठशीत स्वप्ने पडणे ही नैराश्याची लक्षणे नव्हेत, औषध सुटल्याची आहेत. आणि जुन्या औषधाची आधीची पायरी परत दिली तर ती एक-दोन दिवसांत निवळतात. नैराश्य इतक्या लवकर कधीच निवळत नाही.

हे वाचायला सोपे वाटते, पण खोलीत समोर बसलेला माणूस ‘मला पुन्हा तसेच होतेय’ एवढेच म्हणतो. एका निवृत्त शिक्षकांची गोष्ट सांगतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांचे व्हेन्लाफॅक्सीन दुसरीकडे बदलून ब्युप्रोपिऑन दिले गेले होते आणि व्हेन्लाफॅक्सीन एका दिवसात थांबवले होते. व्हेन्लाफॅक्सीनचे स्वतःचे अर्धायुष्य पाच तासांच्या आसपास. एक डोस चुकला तरी दुसऱ्या दिवशी जाणवणारे हे औषध. ब्युप्रोपिऑन सेरोटोनिनला हातच लावत नाही, त्यामुळे जुन्या औषधाची उणीव ते भरून काढत नाही. तिसऱ्या दिवशी सर चिडचिडे, रडवेले झाले, त्यांना चक्कर येऊ लागली. नवे औषध सोसत नाही असे ठरवून ते थांबवले गेले. मग घाबरेपणासाठी अल्प्राझोलाम आले, चक्करसाठी कानाचे औषध आले, आणि पाचव्या आठवड्यात माझ्याकडे आले तेव्हा टेबलावर पिशवी उपडी केल्यावर सात प्रकारची पाकिटे निघाली. त्यांच्या पत्नीने मात्र देवघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक-एक शब्द लिहून ठेवला होता : ‘चक्कर’, ‘करंट’, ‘रडले’, ‘बरे’. त्या चौकोनांवरून पाच मिनिटांत उलगडा झाला. ‘करंट’ हा शब्द व्हेन्लाफॅक्सीन थांबल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी सुरू होऊन बाराव्या दिवशी संपला होता, आणि ब्युप्रोपिऑनचा त्याच्याशी संबंध नव्हता. तेव्हापासून मी गोळी बदलताना घरच्यांना कॅलेंडर आणायला सांगतो. तुम्हीही आजपासून सुरू करा. दोन गोष्टी लिहायच्या : त्या दिवशी कोणती गोळी किती घेतली, आणि एक शब्द.

असा त्रास किती जणांना होतो, याबद्दल टोकाची मते ऐकू येतात. २०२४ साली ‘लॅन्सेट सायकिॲट्री’मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात नैराश्याची औषधे थांबवणाऱ्या सुमारे ३१ टक्के लोकांनी काही ना काही त्रास सांगितला होता, पण नकली गोळी थांबवलेल्यांतही हे प्रमाण १७ टक्के होते. तीव्र त्रास साधारण तीन टक्क्यांना झाला. म्हणजे बहुसंख्यांना धास्ती बाळगण्याचे कारण नाही. आणि ज्यांना होतो त्यांना ‘मनाचे खेळ’ म्हणून वाटेला लावणेही चूक आहे. औषध सुटल्याचा त्रास होणे म्हणजे ‘गोळीचे व्यसन लागले’ असेही नव्हे. व्यसनात वाढत्या डोसाची ओढ असते. येथे फक्त शरीराला जुळवून घ्यायला वेळ हवा असतो.

आता आईंच्या इतर औषधांकडे येऊ, कारण मला खरी काळजी तेथे वाटते. पॅरॉक्सेटीन ज्या सीवायपी२डी६ ला अडवते, तेच एन्झाइम मेटोप्रोलॉलही मोडते. दोन वर्षे हे एन्झाइम बांधलेले असल्यामुळे आईंच्या रक्तात मेटोप्रोलॉलची पातळी गोळीवर छापलेल्या ५० च्या मानाने कित्येक पटींनी जास्त राहिली असणार. कदाचित त्यांच्या दिवसभराच्या सुस्तीतला काही वाटा त्याचाच असेल. पॅरॉक्सेटीन थांबले की काही दिवसांत एन्झाइम मोकळे होईल, मेटोप्रोलॉल झपाट्याने मोडू लागेल आणि ५० ची गोळी खरोखर ५० एवढीच उरेल. सर्ट्रालीन ५० हे एन्झाइम फारसे अडवत नाही. परिणामी नाडीचे ठोके वाढतील, रक्तदाब थोडा चढेल, आणि छातीत धडधडू लागले की घरात सगळे म्हणतील, ‘नव्या गोळीने घाबरायला होतेय.’ म्हणून बदल सुरू करण्यापूर्वी तीन दिवस सकाळी बसून नाडी आणि रक्तदाब लिहून ठेवावा आणि पॅरॉक्सेटीन थांबल्यानंतर दोन आठवडे रोज मोजावा. ६० ची नाडी ८५ झाली तर तो निरोप रक्तदाबाच्या डॉक्टरांनाही जायला हवा. ते मेटोप्रोलॉलचा डोस ठरवतील. आपण घरी बदलू नये.

हीच गोष्ट ट्रॅमाडॉलला उलट्या बाजूने लागू होते. ट्रॅमाडॉल वेदनेवर खरे काम करते ते याच एन्झाइमने त्याचे रूपांतर केल्यानंतर. पॅरॉक्सेटीन चालू असताना हे रूपांतर नीट होत नाही, म्हणून कित्येक रुग्णांना ‘ती गुडघ्याची गोळी मला लागूच पडत नाही’ असा अनुभव येतो, आणि ते एकाऐवजी दोन घेतात. पॅरॉक्सेटीन सुटल्यावर त्याच दोन गोळ्या जास्त चढू शकतात. शिवाय ट्रॅमाडॉल स्वतः सेरोटोनिन वाढवते. दोन सेरोटोनिनची औषधे काही दिवस एकत्र असताना तिसरे त्यात पडू नये. या महिन्यात तरी गुडघ्यासाठी फक्त पॅरासिटामॉल चालेल का, हे विचारून घ्यावे. खोकल्याच्या औषधातला डेक्स्ट्रोमेथॉर्फन हा घटकही याच कारणाने टाळावा, आणि आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक स्वतःहून घेऊ नये, कारण सर्ट्रालीनसोबत त्यांनी जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

सेरोटोनिनचा अतिरेक झाला तर काय दिसते, हे घरच्यांना माहीत असावे. डोस वाढवल्यापासून किंवा नवे औषध घातल्यापासून काही तासांत, बहुतेकदा चोवीस तासांच्या आत, माणूस विलक्षण अस्वस्थ होतो. त्याला दरदरून घाम येतो, जुलाब होतात, हातपाय थरथरतात. पायांचे स्नायू ताठ होतात, आणि घोट्यापाशी पाऊल झटक्याने वर ढकलले तर ते आपोआप थडथड उडत राहते. ताप चढू लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले तर सकाळची वाट पाहू नये. सगळी पाकिटे पिशवीत घालून थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे. योग्य पायऱ्यांनी पॅरॉक्सेटीन-सर्ट्रालीन बदल करताना असे होणे दुर्मीळ आहे. हातांचा हलका कंप आणि दोन-तीन पातळ शौच म्हणजे सेरोटोनिनचा अतिरेक नव्हे; ती सर्ट्रालीनची नेहमीची सुरुवात असते.

क्लोर्थॅलिडोनबद्दल एकच, पण गंभीर गोष्ट. वय साठीपुढचे, स्त्री, लघवी वाढवणारे रक्तदाबाचे औषध आणि नवे सेरोटोनिन गटातले औषध, हे चार एकत्र आले की रक्तातले सोडियम घसरण्याची शक्यता वाढते, आणि ते बहुधा पहिल्या काही आठवड्यांत घसरते. डोके जड होणे, मळमळ, गुंगी, तोल जाणे, विसरल्यासारखे बोलणे अशी लक्षणे पुन्हा ‘गोळी सोसत नाही’ या सदरात टाकली जातात. बदलापूर्वी एकदा आणि सर्ट्रालीन सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी एकदा सोडियम तपासावे. १३५ ते १४५ हे नेहमीचे. १३० च्या खाली आकडा आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

मावशींचा पंधरा दिवसांचा खंड जेथे खरोखर लागतो, ती जागा मोनोअमाइन ऑक्सिडेज या, सेरोटोनिन मोडणाऱ्या एन्झाइमला रोखणाऱ्या औषधांची. फेनेल्झीन, ट्रॅनिलसायप्रोमीन ही या गटातली जुनी औषधे आपल्याकडे आता फारशी दिसत नाहीत. पण जेथे आहेत तेथे त्यांच्यानंतर दुसरे औषध सुरू करायला १४ दिवस थांबावे लागते, आणि उलट दिशेने, सर्ट्रालीन किंवा पॅरॉक्सेटीन थांबवून ही सुरू करायलाही दोन आठवडे. फ्लुऑक्सेटीन असेल तर पाच आठवडे. येथे क्रॉस-टेपर म्हणजे जीवाशी खेळ. आपल्या भागात या गटाची दोन रूपे वेगळ्या वेषात भेटतात. एक, कंपवातासाठी दिली जाणारी सेलेजिलीन आणि रासाजिलीन. दुसरे लिनेझोलिड, जे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात आता सर्रास वापरले जाते आणि मोनोअमाइन ऑक्सिडेजला रोखतेही. यात इतिहासाचा एक मजेदार फेरा आहे. नैराश्यावरचे या गटातले पहिले औषध, इप्रोनियाझिड, मुळात क्षयाचेच औषध होते, आणि १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयातले क्षयरोगी ते घेतल्यावर अनपेक्षितपणे उल्हसित झालेले दिसले, तेव्हा त्याचा हा गुण लक्षात आला. सत्तर वर्षांनी क्षयाचे औषध पुन्हा आमच्या दारात आले आहे, यावेळी धोका म्हणून. घरात कोणी नैराश्याच्या गोळीवर असेल आणि क्षयाचे उपचार सुरू होणार असतील, तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवल्याशिवाय एकही गोळी सुरू करू नये.

इतर जोड्यांविषयी थोडक्यात. फ्लुऑक्सेटीनवरून दुसरीकडे जाताना ते थांबवून चार ते सात दिवसांनी नवे औषध कमी डोसाने सुरू करतात, कारण जुने अजून रक्तात असतेच. ॲमिट्रिप्टिलीन, इमिप्रामीन, डोसुलेपिन यांसारख्या जुन्या ट्रायसायक्लिक औषधांकडे जाताना तर विशेष जपावे लागते. फ्लुऑक्सेटीन आणि पॅरॉक्सेटीन ही दोन्ही या जुन्या औषधांची पातळी चढवतात, आणि चढलेली पातळी हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते. मिर्टाझापीनकडे जाताना क्रॉस-टेपर उपयोगी, पण ते सेरोटोनिन वाहकाला रोखत नसल्याने जुने औषध सावकाशच उतरवावे. फ्लुव्होक्सामीनचा विषय वेगळाच आहे. ते दुसऱ्याच एन्झाइमांना अडवते आणि ड्युलोक्सेटीनची पातळी अनेक पटींनी वाढवते, म्हणून ही दोन एकमेकांवर चढवायची नसतात.

आणखी एक प्रश्न आपण विचारलेला नाही, पण मी डॉक्टरांच्या जागी असतो तर आधी तोच विचारला असता : बदलाची गरज खरोखर आहे का? येथे उत्तर बहुधा ‘हो’ आहे. आठ किलो वजन हे पॅरॉक्सेटीनबाबत नवल नाही, आणि दोन वर्षांनंतरही अर्धवट गुण पुरेसा म्हणता येत नाही. तरी एकदा थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी१२ तपासून घ्यावे. शाकाहारी घरात बी१२ ची कमतरता मी इतक्या वेळा पाहिली आहे की ‘मन रमत नाही’ या तक्रारीपुढे तो अहवाल मागितल्याशिवाय मला राहवत नाही. आयुष्यात कधी कमी झोपूनही उत्साह ओसंडतो आहे, खर्च आणि बडबड आवरत नाही असा काळ येऊन गेला आहे का, हेही डॉक्टरांना सांगावे, कारण उत्तर होकारार्थी असेल तर सगळा मार्गच बदलतो. आणि नव्या औषधाकडून अपेक्षा बेताची ठेवावी. वर सांगितलेल्या अभ्यासात दुसऱ्या औषधाने चौघांतल्या साधारण एकालाच पूर्ण आराम पडला, आणि तिन्ही औषधांत लक्षणीय फरक आढळला नाही. सर्ट्रालीन ५० वर चार ते सहा आठवडे देऊन, गरज पडल्यास डोस वाढवून मगच त्याचा निकाल लावावा. दहाव्या दिवशी नव्हे.

बदलाच्या पहिल्या पंधरवड्यात घरात कोणी तरी आईंजवळ असावे. डोस बदलताना काही जणांत, तरुणांत अधिक, अस्वस्थता इतकी वाढते की जीव नकोसा होण्याचे विचार येतात. असे काही येते का, हे सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने विचार रुजत नाहीत. होकार आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. ते भेटले नाहीत तर टेली-मानसचा १४४१६ हा केंद्र सरकारचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते. जीवाला तातडीचा धोका वाटला तर मात्र फोनवर न थांबता आईंना थेट जवळच्या रुग्णालयात न्यावे. एखादा डोस चुकला आणि त्याच दिवशी आठवला तर घ्यावा. दुसऱ्या दिवशी आठवला तर सोडून द्यावा. दोन एकदम घेऊ नयेत.

शेवटी जुन्या पाकिटांचे. पॅरॉक्सेटीन-क्लोनाझेपामची अर्धी पट्टी उशाशी, पर्समध्ये किंवा फ्रिजवरच्या डब्यात राहते, आणि महिन्याभराने झोप लागली नाही की ‘ती जुनी गोळी चांगली होती’ म्हणून ती घेतली जाते. किंवा नव्या चिठ्ठीवर दुसऱ्या कंपनीचे नाव असल्यामुळे तेच औषध दोन नावांनी रोज पोटात जाते. एस्सिटालोप्राम अशा दोन नावांनी महिनाभर घेतलेले एक गृहस्थ मी पाहिले आहेत. पाकिटावरचे मोठे नाव कंपनीचे असते; औषधाचे नाव त्याखाली बारीक अक्षरांत असते, तेवढे चष्मा लावून वाचावे. शेवटचा डोस झाला त्या दिवशी उरलेल्या पट्ट्यांवर मार्करने ‘बंद’ आणि तारीख लिहून त्या पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे घेऊन जाव्यात.